तांडेलकाकांचा सात नंबर

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर झालेलं सगळ्यात मोठं लिखाण म्हणजे वडिलांनी एसटी डेपोत दिलेला रजेचा अर्ज, आणि तोही त्यांनी शेजारच्या क्लार्ककडून तपासून घेतला होता. अशा घरातल्या मुलाने कुणाचं व्यक्तिचित्र लिहायला बसावं, हे माझं मलाच आगाऊपणाचं वाटतं. ज्यांच्याविषयी लिहितोय तेही कुणी नाव झालेले गृहस्थ नाहीत. आमच्या ठाण्याच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते लॅब असिस्टंट होते. पण यंदा पहिल्या वर्षाला आलेली मुलं मला सारखी विचारतात, की सात नंबरच्या मायक्रोस्कोपच्या पेटीवर आतल्या बाजूने ‘डोळा बदलून बघा’ असं पांढऱ्या रंगात कुणी आणि का लिहिलंय. दरवेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

त्यांचं नाव यशवंत तांडेल. आम्ही त्यांना तांडेलकाका म्हणायचो. मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा ते एका मुलीला स्लाइड लावून देत होते. मायक्रोस्कोपच्या शेजारी उभे, नजर खिडकीबाहेर, आणि हात मात्र स्क्रूवर. मोठा स्क्रू दोन आटे, बारीक स्क्रू अर्धा. मग बोट उचलून ते म्हणाले, "बग. आला का?" तिने डोळा लावला आणि म्हणाली, "आला." नळीला स्वतः डोळा न लावता त्यांनी ते चित्र स्वच्छ आणून दिलं होतं. वर्षभर मी त्यांना हेच करताना पाहिलं. वीस मायक्रोस्कोप, वीस मुलं, आणि काका बोटांनीच सगळं जुळवत पुढे सरकत. "आला का?" "आला." "आला का?" "आला, काका." आमच्या वर्गात असा समज होता की पंचवीस वर्षं एकच काम केल्यावर माणसाच्या बोटांना डोळे फुटतात.

काका खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, ठाणे स्टेशनजवळच्या बाजारात मासळी विकायच्या. काका जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले, पण भिंगाविषयी त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, बारीक जाळ्यासारखी. ती धरू नये म्हणून जून ते सप्टेंबर मायक्रोस्कोपच्या कपाटात पंधरा वॅटचा एक बल्ब दिवसरात्र जळत ठेवलेला असायचा. कुणी चुकून तो बंद केला की काका चिडायचे. "सुकट आनि भिंग," ते म्हणायचे, "दोघांना दमट चालत नाय. सुकट बिघडली तर वास तरी येतो. भिंग बिघडलं तर पोरगा नापास होतो, आनि त्याला वाटतं आपल्यालाच डोकं नाय." दसरा झाला की ते प्रत्येक मायक्रोस्कोप खोलून, धुऊन मऊ झालेल्या मलमलच्या फडक्याने भिंगं पुसायचे. ते फडकं त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. त्याला कुणी हात लावायचा नाही.

फोकस कसा करायचा हे त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं. बरेच जण नळीला डोळा लावून स्क्रू खाली फिरवतात, भिंग स्लाइडवर टेकतं आणि काच कडकन फुटते. काका म्हणाले, "होडी धक्क्याला लावताना कवा बगायचं? टेकल्यावर? आधी बाजूला उभं राहून बगायचं. भिंग हलूच खाली आनायचं, काचेला टेकायच्या आत थांबायचं. मग डोला लावून वर वर जायचं. खाली जाताना बाहेरून, वर येताना आतून. ध्यानात ठेवा." पुढे सांगितलं, "डावा डोला नलीत, उजवा कागदावर. दोनी उघडे. एकानं बगायचं, दुसऱ्यानं काढायचं."

मी ध्यानात ठेवलं. आज्ञाधारकपणे वर्षभर डावा डोळा नळीत घातला. आणि वर्षभर मला त्यात धुकं दिसलं.

आता ही कबुली देतो. पहिले काही दिवस मला वाटलं, सगळ्यांना असंच दिसत असेल, सवयीने येईल. पण शेजारची मुलं "ए, कसल्या भारी पेशी आहेत रे" म्हणायची, आणि मला राखाडी उजेडात काही ढग हलल्यासारखे वाटायचे. विचारायची हिंमत झाली नाही. आमच्या कल्याणच्या चाळीतून सायन्सला गेलेला मी पहिलाच. काकांनी "आला का?" विचारलं की मी म्हणायचो, "आला." जर्नलमधली चित्रं पुस्तकातून काढायचो. परीक्षेत स्लाइड ओळखायची असते, तर कॉलेजच्या कायम ठेवणीतल्या स्लाइड मी काचेवरून पाठ केल्या होत्या. कोपरा उडालेली ती नेच्याची, लेबल पिवळं पडलेली ती मक्याच्या खोडाची. पास झालो.

पण घरी जास्त अवघड जायचं. वडील डेपोत मेकॅनिक. संध्याकाळी ग्रीसचे हात रॉकेलने धुता धुता ते रोज विचारायचे, "आज काय बघितलंस रे?" डेपोत त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की आपला मुलगा डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तू बघतो. मी पुस्तकातलं सांगायचो. ते मान डोलवायचे. दुसऱ्या वर्षाच्या गणपतीपर्यंत मी मनात ठरवून टाकलं होतं, की हे शास्त्र माझ्यासाठी नाही, दिवाळीनंतर नाव काढून कुठेतरी नोकरीला लागायचं. फक्त वडिलांना कसं सांगायचं ते सुचत नव्हतं.

त्याच सुमारास कॉलेजात नवा मायक्रोस्कोप आला. आत कॅमेरा बसवलेला. त्याची वायर टीव्हीला जोडली की नळीत दिसणारं सगळं पडद्यावर दिसे, म्हणजे वीस जणांना एकदम. आमच्या विभागप्रमुख प्रधान मॅडम. त्यांनी माझ्या हातात त्याची माहितीपुस्तिका दिली आणि म्हणाल्या, "हे इंग्रजी आहे, तांडेलांना वाचून समजावून सांग." मी आणि काका समोरासमोर बसलो. माझंही इंग्रजी बेताचंच.

"आरसा नाही याला," मी म्हणालो. "खाली दिवा आहे, आतच."

"आरसा नाय? मग ढग आला तर?"

"ढगाचा संबंधच नाही, काका."

"म्हंजे आता प्रॅक्टिकल लांबलं तर ढगावर ढकलता येनार नाय." त्यांनी तळाच्या जाड बैठकीवरून हात फिरवला. "पुढं वाच."

"भिंगं चार. फिरवायच्या चकतीवर. चार, दहा, चाळीस, आणि शंभर. शंभरचं तेल घालून वापरायचं."

"ती आपल्याकडंपन हाईत. नवीन काय सांग."

"स्लाइड हलवायला बोटं लावायची नाहीत. बाजूला दोन चाकं आहेत, एक पुढेमागे, एक डावीउजवीकडे. आणि डोक्यात कॅमेरा. दिसतंय त्याचा फोटोही काढून कॉम्प्युटरवर ठेवता येतो."

काका म्हणाले, "म्हंजे डोला लावायचाच नाय."

"नाही लावला तरी चालतं."

"लय चांगलं केलं," ते म्हणाले. इतक्या मनापासून म्हणाले की मला नवल वाटलं. जुन्या माणसांना नवीन यंत्र आवडत नाही असं मी ऐकून होतो. काका मात्र त्या दिवसापासून रिकामा वेळ मिळाला की टीव्हीसमोर स्टूल ओढायचे आणि अगदी जवळ, पडद्याला नाक लागेल इतके जवळ, बसून पेशी बघायचे. मुलं हसायची. "काका, मॅच लागली का?" "गप रं. इंडियाच्या ब्याटिंगपेक्षा बरं हाय, इथं कोन आऊट होत नाय."

नवरात्र आलं. टेंभी नाक्यावरचे कर्णे आमच्या लॅबपर्यंत ऐकू यायचे. खंडेनवमीला लॅबमधल्या सगळ्या हत्यारांची पूजा असे. चिमटे, सुऱ्या, तराजू, आणि लांब टेबलावर ओळीने सगळे मायक्रोस्कोप, प्रत्येकाला झेंडूचं फूल. पूजा काकाच करत. त्यांचा नियम ठरलेला होता. हळदकुंकू फक्त तळाच्या बैठकीला, वर कुठेही नाही. "वर लावलं तर आट्यात जातं. देवाला बूडपन चालतं." जुन्या मायक्रोस्कोपची बैठक म्हणजे घोड्याच्या नालासारखा भरीव लोखंडी तुकडा. तिला कितीही कुंकू लावा. काका एकेकाला टिळा लावत शेवटी नव्यापाशी आले. याला मान जास्त, म्हणून बोट कोयरीत बुडवून त्यांनी बैठकीच्या मधोमध चांगला ठसठशीत टिळा लावला. मॅडमनी पेढे वाटले. मायक्रोस्कोपवर प्लास्टिकचं आवरण चढलं.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मॅडमनी नव्या मायक्रोस्कोपवर पानाच्या सालीची स्लाइड लावली. टीव्ही सुरू झाला आणि पडद्यावर लाल धोंडेच धोंडे दिसायला लागले, कडेला पिवळी झाक असलेले. पेशी लाल दिसाव्यात म्हणून आम्ही एक रंग वापरतो, त्यामुळे आधी कुणाला काही वाटलं नाही. मुलं भराभर ते धोंडे जर्नलमध्ये काढायला लागली. एकाने तर बाण काढून नावंही दिली. मॅडम कपाळाला आठ्या घालून पुन्हा पुन्हा स्लाइड सरकवत होत्या.

मी मागच्या बाकावर होतो. खरं तर त्या दिवशी पहिल्यांदाच मला सगळं स्वच्छ दिसत होतं. स्लाइड सरकली की मागची पानाची साल सरकत होती, पण धोंडे जागचे हलत नव्हते. मी कधी वर्गात बोललो नव्हतो. पण तोंडातून निघून गेलं, "मॅडम, ते स्लाइडवर नाहीच. स्लाइड हलवली तरी ते हलत नाही. खाली कुठेतरी आहे. मला वाटतं, ते कुंकू आहे."

मॅडम वाकल्या. बैठकीच्या मधोमध दिव्याची गोल काच होती, आणि तिच्यावर काकांचा टिळा. जुन्या यंत्रांत जिथे नुसतं लोखंड होतं, तिथे नव्यात उजेड यायची खिडकी होती. वर्ग इतका हसला की शेजारच्या लॅबमधली मुलं दारात आली. मॅडमही हसत होत्या, पण हसता हसता म्हणाल्या, "तांडेल, इतकी मोठी काच दिसली नाही तुम्हाला?"

"चुकलं, मॅडम," काका म्हणाले आणि खिशातलं फडकं काढलं. ते हसत नव्हते.

प्रॅक्टिकल संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. वर्ग रिकामा झाला. वर्षभर माझ्या वाट्याला असलेला सात नंबरचा मायक्रोस्कोप काढून खिडकीशी ठेवला, तीच पानाची साल लावली, दोन आटे, अर्धा. "बस. आला का?"

"आला."

"काय आला?"

मी उगाच जर्नलची पानं चाळायला लागलो.

"मागच्या बाकावरून टीव्हीवरचा कुंकू तुला वलखता येतो," ते म्हणाले, "आनि तुजी जर्नल बगून मॅडम म्हनतात, हा पोरगा पुस्तक छापतो. खरं बोल. नलीत काय दिसतं?"

"धुकं."

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासून."

"कंचा डोला लावतोस?"

"डावा. तुम्ही सांगितलेलं."

काकांनी कपाळावर हात मारला. "मी सांगितलं म्हनून वरीसभर धुकं बगत बसलास? आरं, म्या काय वेद सांगितला का? डोला बदल."

मी उजवा डोळा लावला.

ते मी कसं सांगू. गुलाबी विटांची एक भिंत होती, प्रत्येक वीट सहा कोनांची, आणि मधून मधून हिरव्या ओठांची बारीक तोंडं. दोन घेवड्याचे दाणे समोरासमोर ठेवावेत तसे ओठ. पुस्तकातून मी ते पन्नास वेळा काढलं होतं. पण पुस्तकातलं चित्र काळं होतं आणि ते कुणी दुसऱ्याने पाहिलेलं होतं. मी कितीतरी वेळ डोळा काढला नाही. मग "काका, बघा ना, हेच ना ते?" म्हणत गडबडीने उठलो. उठताना माझं कोपर खालच्या आरशाला लागलं.

"मना काय बगायचंय? आला ना तुला?"

"नाही, बघाच."

ते वाकले. डोळा लावला. "वा," ते म्हणाले. "मस्त दिसतंय."

मी सहज खाली पाहिलं. आरसा पार उलटा फिरला होता. नळीत काळोख होता.

मोठ्या माणसाचं खोटं पकडल्यावर काय बोलतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्यांचेच शब्द तोंडात आले. "काका, आला का?"

ते तसेच वाकून राहिले. मग हळूच म्हणाले, "नाय."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दोन वर्षं झाली होती. बोटांचा हिशेब होता म्हणून काम निभत होतं. कळलं तर लॅबमधून काढून दुसरीकडे बसवतील ही भीती, आणि डॉक्टरची त्याहून मोठी भीती. "जलमभर माशाला मी सुरी लावली," ते म्हणाले, "आनि आता माज्या डोल्याला दुसऱ्या कोनी लावायची?" मग एकदम हसायला लागले. "बग तरी. मी विचारनार, आला का? तू सांगनार, आला. मना दिसत नाय, तुला दिसत नाय. आनि सरकार आपल्याला लॅब चालवायला देतं." मलाही हसू फुटलं. आम्ही दोघं रिकाम्या लॅबमध्ये वेड्यासारखे हसत होतो.

तिथेच ठरलं. मी डॉक्टरकडे जायचं आणि त्यांनीही जायचं. आधी मी. वर्तकनगरच्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की डावा डोळा लहानपणापासूनच आळशी आहे, आता फार सुधारायचा नाही, पण उजवा उत्तम आहे. मी तोंड पाडून काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मायक्रोस्कोपला भोक किती? एक. मग तुला दोन कशाला पायजेत?" त्या संध्याकाळी वडिलांनी हात धुताना विचारलं तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा खरं सांगितलं. गुलाबी भिंत, हिरवे ओठ. ते साबण हातात धरून थांबले. "घेवड्याचे दाणे? पानात?" दुसऱ्या दिवशी ही बातमी डेपोभर झाली होती. नाव काढायचा विषय माझ्या डोक्यातून गेला तो गेलाच.

काका मात्र आपल्या शब्दाला जागेनात. आधी म्हणाले, दिवाळी होऊ दे. मग म्हणाले, परीक्षा आहेत. मग शिमगा. कोळीवाड्यातला शिमगा सोडून इस्पितळात कोण जाईल? मी रोज मागे लागायचो, ते रोज टोलवायचे. "तू माजा बाप हायस का?" "नाही, सात नंबर आहे." "मग गप पेटीत बस."

मे महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना बोलायला लावलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "पोरांनो, बल्ब बंद करू नका." जायच्या दिवशी त्यांनी ब्रश मागून घेतला आणि सात नंबरच्या पेटीत, बोटाने जागा चाचपत, ते शब्द लिहिले. पुस्तकी भाषेत लिहिले, मला विचारून. ओळ थोडी तिरकी गेली आहे. ती मी कुणाला सरळ करू देत नाही.

निघताना मी विचारलं, "ऑपरेशन?" ते म्हणाले, "नारली पुनव होऊ दे."

नारळी पौर्णिमा होऊन गेली. मी त्यांना एक कार्ड टाकलं. मोठ्या मायेने, बारीक अक्षरात, दोन्ही बाजू भरून. उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी एकदम लक्षात आलं, की ज्याला दिसत नाही त्याला मी बारीक अक्षरात विचारत होतो, तुम्हाला दिसतं का. कोळीवाड्यात जायचं मनात यायचं. पण जाऊन काय पाहावं लागेल, या धास्तीने पाय उचलत नव्हता. हे मी खरं तेच लिहितोय.

मागच्या आठवड्यात दसरा झाला. दोन दिवसांनी मीच धीर करून स्टेशनजवळच्या बाजारात गेलो. काकू पाटीमागे बसल्या होत्या. मी कॉलेजचं नाव काढताच म्हणाल्या, "तू तो सात नंबरवाला ना? ज्याचं कार्ड आलेलं तो? इतकं बारीक लिवतात का? शेजारची पोरगी वाचता वाचता रडाय लागली."

"काका कसे आहेत?" मी विचारलं.

त्यांनी कोलंबीवर पाणी मारलं. "त्याला काय धाड भरली? येका डोल्याचं आपरेशन झालं. तुजं कार्ड इस्पितलात उशाखाली घिवून झोपला, म्हनला, डोला उघडला की पयलं ह्येच वाचनार. पट्टी सोडताना मी होते ना तिथं. डाक्टरनं दिवा लावला, त्याच्या त्या यंत्रात डोला लावाय सांगितला, आनि विचारलं, तांडेल, काय दिसतंय?"

"मग?"

"मग काय. हा म्हनला, आला. पन डाक्टर, तुमच्या भिंगाला बुरशी धरलीया. दसरा झाला की येतो, पुसून देतो."

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

"डाक्टर काय म्हननार? हा ऐकतोय का कुनाचं?" काकूंनी पाटी सरळ केली. "आज सकालीच गेलाय, फडका घिवून."